मीटरला अठ्ठावीस हजार! ध्वनियंत्राच्या महागड्या तारेत आहे तरी काय?

मालाचा भाव ऐकून दचकण्याचे वय आता सरले, असा आमचा समज होता. कापडाच्या धंद्यात तीस-पस्तीस वर्षे गेली. सुताचे भाव चढताना पाहिले, गिरण्या बंद पडताना पाहिल्या. पण दोन महिन्यांपूर्वी आमचा भाचा एक काळी, जाड, जाळीदार वेष्टनाची तार घेऊन दुकानात आला आणि तो समज मोडला. तारेची लांबी दीड मीटर. एका टोकाला भिंतीतल्या बोर्डात खोचायचा टॉप, दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत बसणारा सॉकेट. किंमत ४२,००० रुपये.

कापडवाल्याची सवय जात नाही. आम्ही लगेच मीटरचा भाव काढला. मीटरला २८,००० रुपये! आमच्या दुकानात या भावाचे कापड आजवर आलेले नाही.

वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही स्पीकरला जाणारी तार नव्हे, की माईकची तार नव्हे. ही फक्त वीज पुरवणारी तार. कॉम्प्युटर, प्रिंटर यांच्या खोक्यात जी फुकट येते आणि बाजारात १८० रुपयांना सुटी मिळते, तीच ही. हिच्यातून गाणे वाहत नाही, गाणे वाजवणाऱ्या यंत्राला लागणारी वीज वाहते. विकणाऱ्यांचा दावा मात्र असा की ही तार जोडताच आवाज मोकळा होतो, तबल्याची थाप खोल लागते आणि गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

भाचा ही तार नमुना म्हणून मुंबईच्या एका वितरकाकडून परतीच्या बोलीवर घेऊन आला होता. सात रस्त्याजवळ एक गाळा भाड्याने घेऊन उंची ध्वनियंत्रांचे दुकान काढायचा त्याचा विचार. त्यासाठी आमच्याकडे चार लाखांचे भांडवल मागितले, आणि त्यातले निम्मे या तारांमध्ये घालायचे ठरवले होते. हिशेब त्याने कागदावर मांडून आणला होता. अ‍ॅम्प्लिफायर विकून शंभराला आठ-दहा रुपये सुटतात, तारेवर चाळीस. साडीच्या दुकानात साडीवर जेवढे सुटत नाही तेवढे फॉल-पिको आणि अस्तरावर सुटते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. हिशेब बरोबरच होता. प्रश्न एवढाच की गिऱ्हाइकाच्या हातात आपण काय ठेवणार?

भाच्याकडे पुरावाही होता आणि तो साधा नव्हता. त्याच्या घरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत एक बारीक घूं असा आवाज येई. गाणे थांबले की जास्त जाणवे. मूळची तार काढून ही नवी तार लावली आणि तो आवाज नाहीसा झाला. "मामू, तुम्ही स्वतः येऊन ऐका," तो म्हणाला. आम्ही गेलो, ऐकले. खरोखरच घरघर गेली होती. इतकेच नव्हे, आम्हाला सारंगीही जास्त स्वच्छ ऐकू आल्यासारखी वाटली. हे आम्ही कबूल करतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तरी मन मानेना. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिला 'बर्की रौ' म्हणत तिला मराठी पुस्तकात विद्युतधारा म्हणतात आणि वायरिंगचा मिस्त्री करंट म्हणतो. तिथली 'मुजाहमत' म्हणजे इथला रोध. नाव कोणतेही घ्या, तांब्याचा गुण बदलत नाही. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी, एवढे मास्तरांनी फळ्यावर लिहिलेले आजही लक्षात आहे. तेवढ्यावरच हिशेब करायला बसलो.

आधी वीज येते कुठून ते पाहू. शहराच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. पण आपल्या बोर्डातली वीज तिथलीच, असे म्हणता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडील राज्यांचे वीजजाळे देशाच्या उरलेल्या जाळ्याशी एका ठेक्यात बांधले गेले. सोलापूरच्या नावावर चादरीशिवाय ही एक गोष्ट आहे, पण तिची आठवण कोणी काढत नाही. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालावर फिरतात. एकट्या त्या वाहिनीची लांबी सुमारे २०० किलोमीटर. तारा तांब्याच्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या, आत पोलादाचा गाभा. तिथून वीज उतरत उतरत ११ किलोव्होल्टवर येते, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, खांबावरून घरात, मीटरमधून बोर्डात. वाटेत किती सांधे, किती गंजलेले क्लॅम्प, किती ठिकाणी चिकटपट्टी, ते महावितरणचा लाइनमनच जाणे.

एवढा प्रवास करून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरात काय शुद्ध व्हायचे आहे? विकणारे याला उत्तर देतात की तुमच्यासाठी तो शेवटचा दीड मीटर, पण यंत्रासाठी पहिला. ऐकायला छान वाटते. मग त्या दीड मीटराचाच हिशेब करू.

खोक्यात येणारी तार बहुधा पाऊण एमएमची असते, म्हणजे तांब्याचा छेद पाऊण चौरस मिलिमीटर. अशा एक किलोमीटर तारेचा रोध सुमारे २६ ओहम. आपली तार दीड मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणून तीन मीटर धरा. रोध भरला ०.०८ ओहम. घरात मोठ्याने वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर एक अँपिअर ओढतो असे धरले तर या तारेत २३० व्होल्टपैकी ०.०८ व्होल्ट खर्ची पडतो. सुमारे तीन हजारावा हिस्सा. बेचाळीस हजारांची तार फार जाड असली तर हा आकडा ०.०१ वर येईल. वाचले काय, तर एका व्होल्टचा चौदावा-पंधरावा भाग. मीटरपासून बोर्डापर्यंत भिंतीत दीड एमएमची वीस मीटर वायर असेल, तर तिच्यातच अर्धा व्होल्ट जातो. आणि भाच्याच्या घरी त्या संध्याकाळी आम्ही मिस्त्रीच्या मीटरवर तासाभरात २१८ पासून २२६ व्होल्टपर्यंतचा चढउतार पाहिला. शेजारच्या गल्लीत पाण्याची मोटर सुरू झाली तरी काटा हलत होता.

बरे, वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरली की सरळ गाण्याला भिडते असेही नाही. आत आधी फ्यूज लागतो. काचेची दोन सेंटीमीटरची नळी आणि तिच्यात केसासारखी बारीक तार. सगळी वीज त्या केसातून जाते. बेचाळीस हजारांच्या अंगठ्याएवढ्या तारेतून आलेली वीजसुद्धा. त्यानंतर ट्रान्सफॉर्मर, मग डायोड, मग मोठमोठे कपॅसिटर. सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी वीज इथे सरळ, एकाच दिशेची केली जाते आणि हौदात पाणी साठवावे तशी साठवली जाते. अ‍ॅम्प्लिफायर पाणी पितो ते या हौदातून, गल्लीच्या नळातून नव्हे. चांगला अ‍ॅम्प्लिफायर महाग असतो तो मोठ्या प्रमाणात या भागामुळेच. तो वाईट असेल तर बाहेरची तार त्याला चांगला करू शकत नाही, आणि चांगला असेल तर त्याला तिची गरज नाही.

मग भाच्याच्या घरची घरघर गेली कशी? आमच्या सगळ्या हिशेबाला तेवढा एक पुरावा आडवा येत होता. म्हणून कारखान्याचे काम पाहणाऱ्या जुन्या मिस्त्रीला बोलावले. यंत्रमागाच्या मोटरी आणि स्टार्टर यांच्यात त्याची हयात गेलेली. त्याने गाणे ऐकलेच नाही. आधी टॉप पाहिला आणि विचारले, "ही युरोपची पिन आहे. आपल्या बोर्डात बसली कशी?"

बसली होती एका अ‍ॅडाप्टरमुळे. पर्यटक बॅगेत ठेवतात तसला, स्टेशनजवळ पन्नास रुपयांना घेतलेला. युरोपच्या गोल टॉपला अर्थिंगची वेगळी पिन नसते, तिथे अर्थिंग टॉपच्या कडेला असलेल्या पट्टीतून जाते. या अ‍ॅडाप्टरमध्ये त्या पट्टीला टेकणारे काही नव्हते. म्हणजे फेज जोडला, न्यूट्रल जोडला, अर्थिंग तुटले. मिस्त्रीने कॉम्प्युटरकडून अ‍ॅम्प्लिफायरला येणारी बारीक तार उपटली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला.

आमच्या बहिणीची नातवंडे त्याच खोलीत खेळतात. त्या क्षणी आम्हाला बेचाळीस हजारांचे काही वाटेनासे झाले.

मिस्त्रीने समजावले ते असे. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीच्या बोर्डावर, कॉम्प्युटर समोरच्या भिंतीच्या बोर्डावर. दोघांनाही अर्थिंग, आणि दोघांमध्ये गाण्याची तार. असे झाले की अर्थिंगच्या तारेचा एक मोठा फेरा तयार होतो आणि त्यातून पन्नास आवर्तनांचा बारीकसा प्रवाह फिरत राहतो. तीच घूं घूं. महाग तारेने त्या अ‍ॅडाप्टरपायी अर्थिंग तोडले, फेरा तुटला, आवाज थांबला. तारेच्या तांब्याचा त्यात काडीचा हात नव्हता. अर्थिंग तोडण्याचे काम पक्कडही करते, आणि तितकेच घातक करते. जोवर गाण्याची तार जोडलेली होती तोवर अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा त्या बारीक तारेतून कॉम्प्युटरच्या अर्थिंगला टेकून होता. ती निसटली आणि आत कुठे फेज पत्र्याला लागला, तर पत्र्याला हात लावणारा माणूस हाच अर्थिंग.

मूळची तार परत लावली. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॉम्प्युटर दोघांचे टॉप एकाच बोर्डावर आणले. फेरा दोन हातांचा झाला आणि घरघर जवळजवळ गेली. पंख्याचा जुना रेग्युलेटर बदलल्यावर राहिलेली खरखरही गेली. खर्च ३५० रुपये आणि मिस्त्रीचा चहा.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, घरघरीचे ठीक आहे, पण आवाजाच्या दर्जाचे काय? तांबे शुद्ध आहे, जोडांवर सोन्याचा मुलामा आहे. तेव्हा धातूंचा हिशेब केला.

विजेच्या कामासाठी वापरले जाणारे साधे तांबे ९९.९ टक्के शुद्ध असते. ज्याला ऑक्सिजनमुक्त तांबे म्हणून मिरवतात ते याहून शुद्ध असते हे खरे, पण वीज वाहण्याच्या गुणात दोघांत फरक सुमारे एक टक्का. चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्के सरस. तारेची जाडी एक टक्का किंवा सहा टक्के वाढवली की हिशेब सारखा. आणि सोने? ते तांब्यापेक्षा कमी वीज वाहते, जवळपास सत्तर टक्केच. सोन्याचा मुलामा देतात तो गंज चढू नये म्हणून. वर्षातून दहा वेळा काढघाल होणाऱ्या बारीक जोडांवर त्याचा उपयोग आहे. भिंतीत एकदा खोचून दहा वर्षे न हलणाऱ्या टॉपवर त्याचे काम फक्त दिसण्याचे.

जाळीच्या वेष्टनाचे मात्र आम्ही मोडीत काढत नाही. तारेभोवती धातूची जाळी असेल तर आसपासच्या रेडिओलहरींचा काही उपद्रव कमी होतो, हे खरे आहे. पण ज्याला तो उपद्रव आहे त्याने काही शे रुपयांचा लाइन फिल्टर घ्यावा किंवा तारेवर चिमट्यासारखे बसणारे फेराइटचे कडे लावावे. त्यासाठी दागिन्याच्या भावाची तार लागत नाही.

हा वाद जुना आहे. पूर्वी अमेरिकेत ध्वनियंत्राच्या दुकानात स्पीकरबरोबर टेबललॅम्पची साधी वायर फुकट देत. १९७९ च्या सुमारास नोएल ली या इंजिनिअरने जाड तार वेष्टनात घालून 'मॉन्स्टर केबल' या नावाने विकायला सुरुवात केली आणि फुकटच्या वस्तूचा धंदा झाला. तो स्पीकरच्या तारांचा होता. मग तेच लोण विजेच्या तारेपर्यंत आले. यंत्रावर फारसे सुटत नाही, तारेवर सुटते, हे तिथल्या दुकानदारांनाही लवकरच उमगले. भाच्याने आणलेला कागद म्हणजे त्याच हिशेबाची सोलापुरी प्रत होती.

२००४ साली अमेरिकेत हौशी श्रोत्यांच्या एका मंडळाने एका ध्वनिविषयक नियतकालिकासाठी विजेच्या तारांचीच परीक्षा घेतली. एकेक तार दोन हजार डॉलरहून महाग, समोर साधी तार, आणि कोणती जोडली आहे हे श्रोत्यांना दिसू द्यायचे नाही. जमलेली माणसे या शौकातली जाणकार, कान तयार असलेली. १४९ वेळा विचारले, ७३ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवून सांगितले असते तरी इतकेच आले असते. २००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या स्पीकरच्या तारेचा फरक न पाहता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. बोलाचाली झाल्या, पत्रे गेली, परीक्षा काही झाली नाही.

परदेशातल्या परीक्षेने भाच्याचे समाधान होईना. मग घरीच करायचे ठरले. अर्थिंग नीट जोडणारा योग्य अ‍ॅडाप्टर आणला. सात रस्त्यावर रात्री अकराच्या आत शांतता मिळत नाही, रिक्षा, एसटी आणि हॉर्न यांच्यात तबल्याची खोली शोधणे व्यर्थ, म्हणून उशिरा बसलो. अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही तारांवर आमच्याच दुकानातली एक चादर टाकली. मिस्त्री दर वेळी नाणे उडवी आणि त्याप्रमाणे तार जोडी. आम्ही दाराबाहेर, म्हणजे आमच्या चेहऱ्यावरूनही काही कळू नये. भाच्याने त्याच्या आवडीचा, शेकडो वेळा ऐकलेला एकच तुकडा ऐकायचा आणि कागदावर 'महाग' किंवा 'साधी' लिहायचे. वीस फेऱ्या.

अकरा बरोबर. नऊ चूक.

वीसपैकी पंधरा किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन असते. म्हणून पंधरा आली असती तर आम्ही पुन्हा विचार केला असता. अकरांना काही अर्थ नाही. सर्वात बोलकी गोष्ट पुढेच झाली. परीक्षा संपल्यावर चादर काढली, महाग तार डोळ्यांसमोर जोडली आणि भाचा म्हणाला, "पण मामू, आत्ता बघा, फरक आहेच की." तो खोटे बोलत नव्हता. आम्हालाही पहिल्या दिवशी सारंगी स्वच्छ ऐकू आली होती ती अशीच. डोळ्याने किंमत पाहिली होती, कानाने ती कबूल केली.

भाच्याने मग आम्हालाच धारेवर धरले. कापड हाताने ओळखतो म्हणता ना, करा डोळे बंद. त्याने एकाच सुताचे दोन टेरी टॉवेल आणले, एक चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा, दुसरा ४५० ग्रॅमचा. वीस वेळा हातात दिले. आमची सतरा उत्तरे बरोबर आली. तीन चुकली याची खंत आहे, पण त्यातून मुद्दा भाच्याला पटला. फरक खरा असेल तर डोळे बांधले तरी तो उरतो. आणि टॉवेलच्या बाबतीत वाद झालाच तर तराजू आहे. जरीचा वाद झाला तर जरीची तार जाळून पाहता येते.

तराजू असूनही माणसे फसवली जातात हे आमच्या धंद्याला चांगले ठाऊक आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून खपवला जातोच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पन इंडियाशी व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या लाखो चादरी-उश्यांत दुसराच कापूस निघाला होता. तिथे निदान कापूस तपासता आला. ज्या मालाचा गुण तराजूवर येत नाही, मीटरवर येत नाही आणि डोळे झाकले की कानालाही सापडत नाही, तो गिऱ्हाइकाला कशाच्या आधारावर द्यायचा?

कायद्याचेही पाहिले पाहिजे. पीव्हीसी वेष्टनाच्या तारांना आपल्याकडे आयएस ६९४ हे मानक आहे आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्यावर आयएसआयची खूण सक्तीची झाली. आमच्यासमोर आलेल्या तारेवर अशी कोणतीही खूण नव्हती. १८० रुपयांच्या तारेवर होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. कंपनीचे माहितीपत्रक वाचून दाखवणारा दुकानदार "मी फक्त वाचले" म्हणून सुटेल अशा भ्रमात आपल्या तरुण बंधूंनी राहू नये.

एखादा धनिक शौकिन हे सगळे ऐकूनही म्हणाला की मला ती दिसायला आवडते, बांधणी उत्तम आहे, द्या, तर त्याला देण्यात ऐब नाही. पैठणीही कोणी ऊब मिळावी म्हणून घेत नाही. पण असे गिऱ्हाईक सोलापुरात वर्षाला किती येणार? उरलेल्यांना विकायची तर आवाज सुधारतो असे सांगूनच विकावी लागेल.

तारेवर पैसा खर्च करूच नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. जिथे करायला हवा तिथे लोक करत नाहीत, हे दुखणे उलटे आहे. लग्नाच्या मंडपात पाहा. अ‍ॅम्प्लिफायर एका कोपऱ्यात, स्पीकर तीस मीटरवर, मध्ये हाताला लागली ती वायर. दीड एमएमची धरली तरी जाऊन-येऊन साठ मीटरचा रोध ०.८ ओहम होतो. स्पीकर आठ ओहमचा असेल तर ताकदीचा अकरावा हिस्सा तारेतच जिरतो, चार ओहमचा असेल तर सहावा. इथे अडीच किंवा चार एमएमची वायर घेतली तर फरक मीटरवर दिसतो आणि कानालाही कळतो. म्हणूनच लांब पल्ल्याला जाणकार लोक १०० व्होल्टची लाइन वापरतात, म्हणजे प्रवाह कमी आणि नुकसान कमी. आणि मंडपातले अर्थिंग? माईक हातात धरणाऱ्याला झटका बसल्याचे प्रसंग ज्याने पाहिले नाहीत असा मंडपवाला विरळा. त्या माणसाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विका, तीन पिनांचा खरा टॉप विका. त्यात चाळीस टक्के सुटणार नाहीत, पण माल परत येणार नाही.

हे सगळे भाच्याने एकदम मान्य केले असे नाही. दोन दिवस तो आमच्याशी तुटक बोलला. वितरकाला त्याने परीक्षेचा निकाल कळवला तेव्हा तिकडून उत्तर आले की तुमचा कान अजून तयार झालेला नाही, तार दोनशे तास वाजवा, मग ऐका. आमच्या बाजारात कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला आणि विणकर म्हणाला की दोनशे वेळा धुवा, मग पक्का होईल, तर त्याच्याकडून दुसरे ठाण कोण उचलेल? या उत्तरानेच बहुधा भाच्याचे मन वळले. आमच्या हिशेबाने नव्हे.

नमुन्याची तार मुदतीच्या आत परत गेली. पोस्टेज आमच्या अंगावर पडले. भांडवल चार लाखांऐवजी अडीच लाख ठरले आहे. त्यात अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, मंडपवाल्यांसाठी जाड वायरची बंडले आणि घरोघरी जाऊन अर्थिंग व घरघर तपासून देण्याचे काम. मिस्त्रीचा हिस्सा त्या कामात. गाळ्यातल्या बोर्डांच्या तिसऱ्या भोकात मिस्त्रीला काही सापडले नाही, तेव्हा आधी ते. मालकाने मागच्या बोळात अर्थिंगचा खड्डा घ्यायला होकार दिला आहे. पाइप, कोळसा आणि मीठ आणून ठेवले आहे. मिस्त्री रविवारी येतो म्हणाला.